खाडा

पहाटे पाचला टेंपरेचर, साडेपाचला मावशींचा फडका, सहाला इंजेक्शनांची ट्रॉली आणि सातला 'ओव्हर'. त्या एकोणीस दिवसांत मला घड्याळ पाहावं लागलं नाही. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रियांच्या अस्थिरोग वॉर्डात बाविसाव्या खाटेवर तिचा पाय वजनाला टांगलेला होता आणि शेजारच्या लोखंडी स्टुलावर मी.

ओव्हर म्हणजे वॉर्ड सोपवणं. रात्रपाळीच्या सिस्टर सकाळपाळीच्या सिस्टरना एकेका खाटेपाशी उभ्या राहून सांगतात: हिची लघवी किती झाली, तिचं सलाईन कधी संपेल, कुणाला उपाशी ठेवायचंय. त्या सकाळी ओव्हर घ्यायला दोघींऐवजी एकच जण आली. दुसरीचा फोन रात्रपाळीच्या सिस्टरांच्या मोबाइलवर आला. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं, काळजी घे" म्हणाल्या, आणि पर्समध्ये कोंबलेला रिकामा डबा परत बाहेर काढून ठेवला. चपला उतरवून पुन्हा पांढरे बूट चढवले. मग बदलापूरला घरी फोन केला, "मी दोनपर्यंत आहे. पोरीची वेणी काकूंकडून घालून घ्या."

रात्री नऊपासून त्या उभ्या होत्या. दुपारी दोनपर्यंत सतरा तास होतात. याला वॉर्डात 'डबल करणं' म्हणतात.

तिसऱ्या सकाळी पुन्हा एक जागा रिकामी राहिली. या वेळी खाडा त्यांचा होता.

दुधाचा आणि माणसांचा

खाडा हा शब्द आपल्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरात राहतो. दूधवाल्याचा खाडा, कामवाल्या बाईंचा खाडा. महिनाअखेर फुल्या मोजायच्या, पैसे वजा करायचे, हिशेब मिटला. ऑफिसात कारकुनाचा खाडा झाला तर फाइल एक दिवस पडून राहते. फाइलीला तहान लागत नाही, तिची कूस बदलावी लागत नाही. रुग्णालयात मात्र न आलेल्या माणसाचं काम आलेल्या माणसाच्या अंगावर त्याच मिनिटाला पडतं. पगार कापला तरी काम कापलं जात नाही.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं २००९ साली स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी करवली. स्टीव्ह बूरमन यांच्या त्या अहवालात आजारपणाच्या रजांपायी वर्षाला १ कोटी ३ लाख दिवस बुडतात असा हिशेब निघाला. पूर्णवेळ काम करणारी ४५ हजार माणसं वर्षभर घरी बसवावीत, एवढं हे झालं. तिथे पगार बरा, रजेचे नियम स्वच्छ, तरीही हा आकडा. तेव्हा 'आपल्याकडच्या लोकांना कामच नको असतं' या आपल्या लाडक्या निदानाला जरा थांबवून वॉर्डात डोकवायला हवं.

पेन्सिल आणि खोडरबर

त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्तीला टेकलेल्या होत्या. त्यांच्या टेबलावर काचेखाली ड्यूटी लिस्ट असे: आडव्या रेघांत नावं, उभ्या रेघांत तारखा, चौकोनांत एम, ई, एन आणि ओ, म्हणजे सकाळ, संध्याकाळ, रात्र आणि ऑफ. सगळं पेन्सिलीनं. सणाच्या आठवड्याचे चौकोन इतक्यांदा खोडले होते की कागदाला भोक पडलं होतं. मी त्यांना विचारलं, पेनानं का नाही लिहीत? त्या म्हणाल्या, "पेनानं लिहायला पुरेशी माणसं लागतात."

त्या वाक्यामागचं गणित बोटांवर करता येतं. वर्षाचे दिवस ३६५. साप्ताहिक सुट्ट्या ५२. अर्जित रजा ३०, किरकोळ रजा ८. सणावारी वॉर्ड बंद नसतो, म्हणून त्या सुट्ट्यांच्या बदल्यात मिळायचे दिवस ढोबळ मानानं वीस धरू. झाले ११०. उरले २५५. म्हणजे वॉर्डात रोज दहा जणी उभ्या हव्या असतील, तर नोकरीत चौदाहून जास्त असायला हव्यात. आणि या हिशेबात अजून कुणाला ताप आलेला नाही, कुणी बाळंत झालेली नाही, कुणाची सासू घसरून पडलेली नाही.

हे गणित कुणाला सुचलेलं नाही असं मुळीच नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शिकवणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका धरली आहे, आणि त्यावर ३० टक्के जागा रजेसाठी राखीव सांगितल्या आहेत. माणसं गैरहजर राहणारच, हे निकष लिहिणाऱ्यांनी मान्य केलेलं होतं. पण भरती रखडली, पदं रिकामी राहिली की सगळ्यांत आधी हीच राखीव शिल्लक खाल्ली जाते, कारण ती कुठल्याही एका वॉर्डात दिसत नाही. मग हक्काची रजासुद्धा दुसरीच्या जिवावर घेतल्यासारखी वाटू लागते. रजेचा अर्ज नामंजूर होतो. नामंजूर झालेली रजा चार दिवसांनी 'पोटात दुखतंय' म्हणून परत येते आणि मस्टरवर तिची नोंद खाडा म्हणून होते.

इन्चार्ज सिस्टरांच्या खणात एक वहीही होती. नावांपुढे बारीक अक्षरात नोंदी: 'मुलाची दहावी', 'मान', 'सासू, डायलिसिस, मंगळ-शुक्र', 'लग्न ठरतंय'. पुढच्या महिन्यात कुणाचा खाडा कधी पडेल, हे त्या वहीवरून बरंचसं आधी सांगता येई. तसं ते त्यांनी मला सांगितलंही, आणि दोनदा खरं ठरलं.

बाविसाव्या खाटेवरचं हाड

आईची कूस बदलायला दोघी लागत. चादरीची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरायची, "एक, दोन" म्हणायचं आणि एका दमात वळवायचं. खाडा असेल त्या दिवशी एक सिस्टर आणि एक मावशी, तर कधी सिस्टर आणि मी. माझी पाठ चौथ्या दिवशी धरली. त्या वॉर्डात चाळिसाच्या आसपास खाटा होत्या आणि उचलून वळवायला कसलंही यंत्र नव्हतं. ज्या बाईनं वीस वर्षं असे खुबे वळवले, तिच्या मणक्याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. तो तिच्या सिक लिव्हच्या अर्जात अधूनमधून 'कंबरदुखी' म्हणून उमटतो, आणि वाचणाऱ्याला ती सबब वाटते.

रुग्ण वाढले की काय होतं, हे अमेरिकेत मोजलं गेलं आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं आणि दहा हजारांवर परिचारिका पाहिल्या. २००२ साली छापून आलेला निष्कर्ष असा: एका परिचारिकेच्या वाट्याला आणखी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि परिचारिका कामानं पार शिणून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियानं एका परिचारिकेमागे किती रुग्ण चालतील हे कायद्यातच लिहून टाकलं. १९९९ साली मंजूर झालेला तो कायदा २००४पासून प्रत्यक्षात आला.

पण ओझं फक्त संख्येचं नसतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीला लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयानं इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंना बोलावलं. शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश अभ्यास अर्धा टाकून जात होत्या, आणि किरकोळ दुखण्यांसाठी दोन-चार दिवस घरी राहण्याचं प्रमाण मोठं होतं. मेंझीस यांना जे दिसलं, ते आपल्या वॉर्डांतही ओळखीचं वाटेल. एका मुलीनं सगळ्या वॉर्डाची टेंपरेचरं घ्यायची, दुसरीनं सगळ्यांची भांडी द्यायची. रुग्णाला नाव नाही, फक्त खाट आणि अवयव. कुणाचाच जीव कुणात अडकू नये, म्हणजे मरणाची धास्ती वाटणार नाही, अशी ही तटबंदी होती. ती धास्ती काही गेली नाही. उलट ज्या समाधानासाठी मुली या पेशात येतात तेच हिरावलं गेलं. आपल्या हातून अमकी बाई चालायला लागली, हे कुणालाच म्हणता येईना.

आमच्या वॉर्डातही आई 'बावीस नंबरचा खुबा' होती. बदलापूरच्या सिस्टर तेवढ्या तिला 'आजी' म्हणायच्या.

ज्याच्या हातात काही नाही

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमधल्या दहा हजारांवर नोकरदारांचा मागोवा मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९८५पासून घेतला. तो 'व्हाइटहॉल' अभ्यास म्हणून ओळखला जातो. तळच्या पायरीवरच्या पुरुषांच्या आजारी रजा वरच्या पायरीवरच्यांच्या सुमारे सहापट निघाल्या. धूम्रपान, वजन वगैरे वजा करूनही फरक पुरता गेला नाही. त्यामागच्या कारणांत एक वारंवार पुढे आलं: आपलं काम कसं नि कधी करायचं यावर माणसाचा स्वतःचा ताबा किती. फिनलंडच्या रुग्णालयांमधल्या अभ्यासांनी त्यात भर घातली. तिथे वरिष्ठांकडून किंवा सहकाऱ्यांकडून सतत पाणउतारा सोसणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा इतरांपेक्षा ठळकपणे जास्त होत्या.

आपल्याकडे ही पायरी मोजायला आकडे लागत नाहीत. डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी कोण बोलतं आणि कोण फाइल धरून उभं राहतं, ते बघावं. एका सकाळी एक्स-रे सापडला नाही म्हणून तरुण स्टाफ नर्सला चाळीस खाटांसमोर "शिकून आलात की विकत घेऊन?" असं ऐकावं लागलं. एक्स-रे नंतर डॉक्टरांच्याच टेबलावर सापडला. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. मस्टरवर कारण 'डोकेदुखी' असं होतं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

कपडे बदलायची जागा

अरुणा शानबाग यांची गोष्ट आपण दयामरणाच्या वादातली म्हणून लक्षात ठेवतो. ती कामाच्या जागेचीही गोष्ट आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ड्यूटी संपवून ही परिचारिका तळघरात कपडे बदलायला गेली होती. तिथे सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. १८ मे २०१५ला ती गेली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं आणि अंगाला बेडसोअर होऊ दिला नाही. नोकरीच्या यादीत नसलेलं हे काम त्यांनी आपलं मानलं होतं.

२०२४च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात लांबलचक ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये आडवी झालेली शिकाऊ डॉक्टर मारली गेली. सर्वोच्च न्यायालयानं कृती दल नेमताना ड्यूटीवरच्यांना विश्रांतीच्या खोल्याही पुरेशा नसल्याकडे बोट दाखवलं. दोन्ही घटनांत पन्नास वर्षांचं अंतर आहे. बाईला बूट काढून टेकायला, कपडे बदलायला कडी लागणारी खोली मिळणं, ही मागणी तेवढी जुनी आहे. आमच्या वॉर्डात सिस्टरांची बदलायची जागा म्हणजे सलाईनच्या खोक्यांमागचा पडदा होता.

मारहाणीचं भयही असंच मस्टरवर उतरतं. महाराष्ट्रात २०१०पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तरी २०१७च्या मार्चमध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला जमावानं बेदम मारलं, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले. त्यांनी 'संप' हा शब्द टाळून 'सामूहिक रजा' म्हटलं. एकेकट्यानं पडणारा खाडा त्या आठवड्यात सगळ्यांनी एकदम, सांगून टाकला.

न पडणारा खाडा

आता उलट बाजू. त्या एकोणीस दिवसांत वॉर्डातल्या सफाईच्या मावशींचा एकही खाडा मी पाहिला नाही. त्या ठेकेदाराकडून आलेल्या होत्या. नवव्या दिवशी त्या खोकत होत्या, तोंडाला पदर बांधून फरशी पुसत होत्या, आणि बादली ठेवून मधेच भिंतीला टेकत होत्या. घरी का नाही राहिलात म्हटलं तर म्हणाल्या, "ताई, एक खाडा म्हणजे रोज गेला. तीन खाडे म्हणजे जागा गेली." हजेरीच्या तक्त्यात हा वॉर्ड सफाईपुरता शंभर टक्के भरला. ताज्या शस्त्रक्रियांच्या जखमा घेऊन पडलेल्या बायकांमधून तो खोकला मात्र फिरत राहिला.

आजारी असून कामावर येणं हा खाड्याचाच जुळा भाऊ आहे. स्वीडनमध्ये २०००च्या सुमाराला पाहणी झाली, तेव्हा असं येणाऱ्यांत शुश्रूषा करणारे आणि शिक्षक हे सगळ्यांत पुढे निघाले. आपण नाही गेलो तर जो खोळंबेल तो माणूस आहे, कागद नाही, हे ज्यांना ठाऊक असतं ते तापातही निघतात. २०२२च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्यापुढे या मावशींचंच चित्र असावं. ज्या नोकरीत आजारी पडायचा हक्क नाही, तिथली हजेरी चांगली दिसते, एवढंच.

यंत्र आणि माणूस

म्हणजे कुणी दांडी मारतच नाही का? मारतात, आणि भरपूर मारतात. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००२-०३मध्ये न कळवता भेटी देऊन सहा देश तपासले, त्यात भारतातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४० टक्के कर्मचारी जागेवर नव्हते. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात उपकेंद्रं कामाच्या वेळेत निम्म्याहून जास्त वेळा बंद आढळली. दार लोटून परतणाऱ्या गरोदर बाईला पेन्सिलीचं गणित सांगून उपयोग नाही.

उदयपूरलाच 'सेवा मंदिर' संस्था आणि जिल्हा प्रशासनानं २००६ साली उपाय करून पाहिला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांनी त्याचा अभ्यास केला. परिचारिकांना तारीख-वेळ छापणारं यंत्र दिलं, ठरल्या दिवशी त्यानं हजेरीचे शिक्के उमटवायचे, गैरहजेरी फार झाली तर पगार कापायचा. सुरुवातीचे महिने हजेरी झपाट्यानं सुधारली. सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नव्हता. यंत्रं मोडली होती, पण खरी पळवाट वरून आली होती: आरोग्य खात्यानंच 'सूट' दिलेले दिवस वाढत गेले. बैठक, शिबिर, दौरा, काहीही. शिवाय गाव त्या उपकेंद्रावर आधीच पाणी सोडून बसलं होतं. परिचारिका आली काय नि न आली काय, विचारणारं कुणी नव्हतं.

मला यात दोन टोकं एकत्र दिसतात. उपकेंद्रात एकटी बाई, वर साहेब नाही, समोर रुग्ण नाही. शहरातल्या वॉर्डात समोर चाळीस रुग्ण आणि मदतीला कुणी नाही. दोन्हीकडे यंत्र फक्त हजेरी मोजतं. कोण आलं नाही ते त्याला कळतं, का आलं नाही ते कळत नाही.

१९८३मध्ये अमेरिकेतल्या परिचर्या अकादमीनं प्रश्नच उलटा विचारला होता. सगळीकडे परिचारिका टिकत नाहीत, मग काही रुग्णालयांत त्या येतात आणि राहतात, ते का? अशी ४१ रुग्णालयं त्यांनी शोधली आणि त्यांना 'लोहचुंबक' म्हटलं. तिथे पगाराची जादू नव्हती. परिचारिकांच्या प्रमुखाला व्यवस्थापनात खरा शब्द होता, पाळ्या लवचीक होत्या, वॉर्डाचे निर्णय वॉर्डात होत होते आणि डॉक्टर त्यांना सहकारी म्हणून वागवत होते.

आमचे दिवस दिवाळीत सरले. दोन आठवडे आधीच इन्चार्ज सिस्टरांनी सगळ्यांना टेबलाशी बोलावून एकच प्रश्न विचारला होता, मी ऐकला होता: "पाडवा हवा की भाऊबीज? दोन्ही मिळणार नाही." बदलापूरच्या सिस्टर बराच वेळ काचेखालच्या कागदाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊबीज द्या. भाऊ नाशिकहून येतोय."

पाडव्याला आईला घरी सोडलं. सकाळी सातला पाच मिनिटं असताना बदलापूरच्या सिस्टर आल्या. पडद्यामागे जाऊन बूट घातले, ओव्हर घेतला, आणि आईपाशी येऊन म्हणाल्या, "आजी, आता माझ्याशिवाय वळायचं हं." त्या दिवशी यादीतलं कुणीही चुकलं नव्हतं. तरी दुपारपाळीला मंजूर जागांपेक्षा दोन जणी कमीच होत्या. ते दोन चौकोन कोरे होते. वर्षभर तिथे नावच नव्हतं, त्यामुळे खोडायलाही काही नव्हतं.